आजार रेड्याला, औषध पखालीला: सामाजिक प्रश्नांवर डिझाइन थिंकिंग वापरू पाहणाऱ्यांसाठी

मुलांनी खेळायचं आणि पाणी आपोआप वर चढायचं, ही कल्पना ऐकताक्षणी आवडावी अशीच होती. शाळेच्या आवारात गोल फिरणारी चक्री, तिच्याखाली पंप, बाजूला उंच टाकी, आणि टाकीवर जाहिराती. म्हणजे देखभालीचा खर्चही तिथूनच सुटणार. दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या या ‘प्लेपंप’साठी २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि खासगी देणगीदारांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. पुढे गावागावांतून जी चित्रं समोर आली त्यांत मुलं कमी आणि बाया जास्त होत्या. मुलं वर्गात तरी असायची, नाहीतर खेळून कंटाळलेली. पाण्याला आलेल्या बाया ती जड चक्री हातांनी ढकलत उभ्या. कित्येक ठिकाणी चालता साधा हातपंप काढून तिथे ही चक्री बसवली होती. एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशोब मांडला, की ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. २०१० पर्यंत त्यामागची अमेरिकेतली संस्था बंद झाली.

यात कोणी लबाड नव्हतं. पैसा होता, तळमळ होती, यंत्रही होतं. फक्त आजार रेड्याला होता आणि औषध पखालीला दिलं गेलं. डिझाइन थिंकिंग शिकायला आलेल्यांना मी हीच गोष्ट आधी सांगते, कारण बहुतेकांची समजूत असते की ही ‘भन्नाट कल्पना सुचण्याची’ पद्धत आहे. प्लेपंप ही भन्नाटच कल्पना होती.

ही पद्धत म्हणजे काय

वस्तू घडवणारा माणूस वापरणाऱ्याला बघतो, त्याची अडचण ओळखतो, कच्चा नमुना करतो, तो वापरायला देतो, चुकलं की बदलतो. हाच क्रम सेवा, योजना, नियम, रांगा, फॉर्म यांना लावायचा, एवढंच. जयपूर फूट आठवा. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, कारण परदेशी धाटणीच्या कृत्रिम पायाने उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी चालता येत नव्हतं. तेव्हा ‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

शब्द रुळला तो पुढे, विशेषतः स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘डी-स्कूल’मुळे आणि डिझाइन कंपन्यांमुळे. त्यांची पाच टप्प्यांची मांडणी तुम्हाला सगळीकडे भेटेल: समजून घ्या, प्रश्न ठरवा, कल्पना काढा, नमुना करा, तपासा. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५च्या सुमारास ‘डबल डायमंड’ नावाची आकृती मांडली. तिच्यात दोनदा पसरायचं आणि दोनदा आवरायचं असतं, आधी प्रश्नासाठी आणि मग उत्तरासाठी. मला ही दुसरी जास्त आवडते, कारण निम्मी आकृती प्रश्नासाठी राखलेली आहे.

आता अडचण. १९७३ मध्ये होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोघा प्राध्यापकांनी एका शोधनिबंधात ‘विकेड प्रॉब्लेम्स’ची दहा लक्षणं सांगितली. मी त्यांना चिवट प्रश्न म्हणते. अशा प्रश्नाची व्याख्या कोणाला विचारता त्यावर ठरते. तो ‘सुटला’ असं म्हणायची वेळ कधी येत नाही. आणि प्रत्येक प्रयत्न मागे काहीतरी ठेवून जातो. बांधलेला पूल आवडला नाही म्हणून पुसून टाकता येत नाही. डिझाइनवाले म्हणतात, ‘करून बघा, चुका, शिका’. रिटेल-वेबर म्हणतात, इथे सरावाचा डाव नसतोच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन वाक्यांच्या ओढाताणीतून जातात, तेव्हा दोन्ही लक्षात असू द्या.

पायरी १: हातात मावेल एवढंच घ्या

‘बेरोजगारी’ किंवा ‘व्यसनमुक्ती’ घेऊन बसू नका. कोण, कुठे, कोणत्या क्षणी अडतंय, असं एका वाक्यात लिहा. पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरते. एका संस्थेसोबतच्या कामात आमच्यापुढे प्रश्न आला होता: ‘उच्च रक्तदाबाचे रुग्ण मध्येच गोळ्या सोडतात, त्यांना औषधांचं महत्त्व कसं पटवायचं?’ या वाक्यात एक मोठा घोळ आहे. तो आम्हालाही तेव्हा दिसला नव्हता.

टीम पाच-सहा जणांची पुरते. मात्र तिच्यात तो प्रश्न रोज भोगणारा किमान एक माणूस हवा, आणि जिच्या टेबलावर ही कामं येऊन पडतात अशी एक कर्मचारी हवी. ‘लाभार्थी प्रतिनिधी’ म्हणून एका बैठकीला बोलावून चहा पाजणं यात धरू नका. त्या माणसाच्या वेळेचा मोबदला द्या. तुम्हालाही मिळतोच की.

पायरी २: बघायला जा, आणि घाई करू नका

नवखे लोक प्रश्नावली घेऊन जातात. मीही जायचे. प्रश्नावलीला लोक प्रश्नावलीसारखीच उत्तरं देतात. ‘गोळ्या नियमित घेता का?’ म्हटलं की ‘हो’ येतं, कारण समोरची पाहुणी बाई शिकलेली आहे आणि तिला नाराज कशाला करायचं.

त्याऐवजी दोन वाक्यं पाठ करा. पहिलं, ‘मागच्या वेळी काय झालं ते सांगा.’ दुसरं, ‘दाखवता का?’ पहिल्याने माणूस मताकडून आठवणीकडे येतो. दुसऱ्याने काय होतं ते सांगते.

साठीतले एक काका. गोळ्या रोज घेतो म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. ‘दाखवता का?’ म्हटल्यावर त्यांनी फळीवरून प्लॅस्टिकचा डबा काढला. आत तीन पाकिटं होती, दोन एकाच औषधाची, वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या रंगांची. एका पाकिटातल्या गोळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या. ‘संपत आल्या की अर्धी घेतो, म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत पुरतात.’ पुढची फेरी कधी? ‘काम नसेल त्या दिवशी.’ मग ते सहज म्हणून गेले, ‘दवाखान्याचा दिवस म्हणजे खाड्याचा दिवस.’ त्यांना औषधाचं महत्त्व आमच्याइतकंच, कदाचित जास्तच पटलेलं होतं. गोळीचा एकेक तुकडा ते जपत होते.

त्या दिवशी आमच्या वहीत नोंद झाली ती तीन रकान्यांत: काय म्हणाले, काय केलं, मला काय वाटलं. तिसरा रकाना वेगळा ठेवण्याचा नियम कटाक्षाने पाळा. नाहीतर आठवड्याने तुमचं मतच त्यांच्या तोंडी घातलं जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

कोणाकडे जायचं? सरासरी माणसाच्या शोधात वेळ घालवू नका. टोकाचे लोक गाठा: ज्यांनी गोळ्या पार सोडल्या ते, आणि ज्यांची एकही फेरी चुकली नाही ते. दुसऱ्या टोकाला लोक विसरतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेचं काम करणाऱ्या जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने कुपोषित मुलांच्या गावांत नेमकं हेच केलं. तितक्याच गरीब घरांतली काही मुलं धडधाकट कशी, हे गावकऱ्यांनाच शोधायला लावलं. निघालं असं की त्या आया भातखाचरांतली बारीक कोळंबी आणि खेकडे, शिवाय रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. इतरांच्या मते ते लहान मुलांना देण्याजोगं नव्हतं. शिवाय त्या थोडं थोडं, पण दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. उत्तर गावातच होतं.

आमच्याकडेही एकही फेरी न चुकवणाऱ्यांत एक समान धागा निघाला: त्यांच्यासाठी दुसरं कोणीतरी रांगेत उभं राहत होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आणखी एक. अडणाऱ्यांइतकंच अडवणाऱ्यांकडेही बसा. रांग लावणारा शिपाई, गोळ्या मोजून देणारी फार्मासिस्ट, रजिस्टर भरणारी नर्स. त्यांना खलनायक ठरवलंत तर पुढे तुमची कुठलीही कल्पना त्यांच्याच टेबलावर मरेल. परवानगीशिवाय फोटो काढू नका, घरात दिसलेलं बाहेर बोलू नका, आणि ‘आम्ही काहीतरी करू’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नका.

किती घरं? आकडा मी सांगत नाही. नवीन माणूस भेटल्यावर नवीन काही कळेनासं झालं की थांबा.

पायरी ३: प्रश्न मोडा आणि पुन्हा जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भिंतीवर नोंदी लावायच्या, सारख्या नोंदी जवळ आणायच्या, आणि विसंगती शोधायच्या. ‘पटलंय, तरी घेत नाहीत’ ही आमची विसंगती होती.

२००७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या गटाला काम मिळालं होतं स्वस्त इन्क्युबेटर बनवण्याचं. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला, तेव्हा इस्पितळात इन्क्युबेटर रिकामेच दिसले. अपुऱ्या दिवसांची बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत आणि तिथून इस्पितळापर्यंत पोचतच नव्हती. गटाने प्रश्न बदलला: यंत्र स्वस्त कसं होईल हे सोडून, आईच्या हातात, विजेविना, बाळ ऊबदार कसं राहील? त्यातून ‘एम्ब्रेस’ नावाची झोळीवजा दुलई निघाली. तिच्यातलं मेणासारखं द्रव्य एकदा तापवलं की काही तास शरीराइतकं तापमान धरून ठेवतं. जुन्या प्रश्नावर त्यांनी कितीही डोकं चालवलं असतं, तरी हाती इन्क्युबेटरच आला असता.

आमचा जुना प्रश्न आठवा: महत्त्व कसं पटवायचं? घोळ असा, की उत्तर त्यात आधीच शिरून बसलं होतं. पटवायचं म्हटलं की पोस्टर, पथनाट्य, शिबिर एवढंच सुचतं. नवा प्रश्न असा झाला: ‘दिवसाची मजुरी न बुडवता पुढच्या महिन्याच्या गोळ्या माणसाच्या हातात कशा पडतील?’

नव्या प्रश्नाला तीन कसोट्या लावा. त्यात उपाय लपलेला नाही ना? त्याला निदान दहा वेगळी उत्तरं निघतील ना? आणि तो वाचून दाखवल्यावर ज्याचं दुखणं आहे तो मान डोलावतो का? तिसरी कसोटी लोक गाळतात. आम्ही काकांकडे परत गेलो, वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘आणि बसायला जागा.’ तेही प्रश्नात घातलं.

‘पण का?’ असं पाच वेळा विचारण्याची टोयोटाच्या कारखान्यातली युक्ती इथे उपयोगी पडते, मात्र जपून. कारखान्यात एक कारण दुसऱ्याकडे नेतं. समाजात एका ‘का’ला चार उत्तरं येतात. चारही लिहा. एकच मूळ कारण सापडल्याचा आनंद झाला तर स्वतःवरच शंका घ्या.

पायरी ४: कल्पना

हा भाग सगळ्यांना आवडतो म्हणून थोडक्यात आवरते. आधी प्रत्येकाने एकट्याने, न बोलता लिहायचं, मग भिंतीवर लावायचं. नाहीतर सगळ्यात वरच्या हुद्द्याचा माणूस पहिला बोलतो आणि बाकीचे त्याचीच री ओढतात. यादीत निदान दोन कल्पना ‘काहीतरी काढून टाकण्या’च्या असाव्यात: एक फेरी कमी, एक सही कमी, एक खिडकी कमी. निवडताना मतदानाचे ठिपके लावा हवं तर, पण ही कल्पना फसली तर झळ कोणाला बसेल, हेही प्रत्येकीसमोर लिहा. ज्यांचं आधीच जड आहे त्यांनाच बसणार असेल तर ती बाजूला ठेवा, कितीही ठिपके पडलेले असोत.

पायरी ५: कच्चा नमुना, आणि तो परत घेता येईल असा

सुरुवातीची ओढाताण इथे भिडते. चिवट प्रश्नात सरावाचा डाव नसतो हे खरं. म्हणून डाव एवढा लहान करायचा की हरलो तरी कोणाचं घर उन्हात येणार नाही.

नमुना म्हणजे ॲप नव्हे. फॉर्म बदलायचा तर कागदावर हाताने काढलेला फॉर्म. रांग बदलायची तर टीममधल्या लोकांनीच रुग्ण, नर्स, शिपाई होऊन केलेलं नाटक. हसू येतं, पण अर्ध्या तासात कळतं की नर्सला एकाच वेळी दोन दारांकडे बघावं लागतंय. फोनवर आठवण देणारी यंत्रणा हवी, तर पंधरा दिवस टीममधल्या एकीनेच रोज स्वतः मेसेज पाठवावेत. पलीकडे यंत्र आहे की माणूस, याने शिकण्यात फरक पडत नाही. कार्डबोर्ड, चार्ट पेपर, चिकटपट्टी. नमुना फार देखणा करू नका. देखण्या वस्तूला लोक नावं ठेवत नाहीत, आणि तुम्हाला तर नावं ठेवलेलीच हवी आहेत.

नमुना देताना ‘कसा वाटला?’ विचारू नका. वापरायला द्या आणि गप्प बसा. हात कुठे थबकतो ते बघा. ‘एम्ब्रेस’च्या बाबतीत तापमान दाखवणारे अंक ठेवले होते. पण औषध जहाल असतं म्हणून थोडं कमीच द्यावं, तशी ऊबही सांगितल्यापेक्षा कमी ठेवलेली बरी, असा विचार एका आईने बोलून दाखवला, तेव्हा अंक काढून फक्त ‘ठीक’ आणि ‘ठीक नाही’ एवढीच खूण ठेवली गेली. प्रयोगशाळेत हे कळलं नसतं.

माणसांवर प्रयोग करताना काही गोष्टींत तडजोड नको. हा प्रयोग आहे, अमुक तारखेला संपेल, नाही म्हटलंत तरी तुमचं काही बिघडणार नाही, हे आधी सांगा. जुनी सोय बंद करून नवी तपासू नका, दोन्ही शेजारी चालू द्या. प्लेपंपवाल्यांनी हातपंप उखडला होता. आणि उद्या काढून घ्यावी लागेल अशी मोठी सवलत पंधरा दिवसांसाठी वाटू नका. तुमचा नमुना संपतो, त्यांचा विश्वासही त्याच्याबरोबर जातो.

पायरी ६: तपासणी, पण आधी एक कागद लिहा

प्रयोग सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहा: काय दिसलं तर आम्ही हे थांबवू. तारीख घाला, सगळ्यांनी सही करा. नंतर आपलंच लेकरू वाईट म्हणायला जीव होत नाही.

आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी गोळ्यांची खिडकी उघडली. डॉक्टरची भेट नाही, फक्त दाब मोजायचा आणि महिन्याच्या गोळ्या. बाहेर बाकं टाकली. पहिल्याच आठवड्यात काम सुटल्यावर पुरुषांची गर्दी झाली आणि आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात नर्सनेच रजिस्टर पुढे केलं: बायकांची नावं जवळजवळ नव्हतीच. संध्याकाळी घरातलं काम टाकून त्यांनी यायचं कसं? आम्ही ‘मजुरी’ म्हटलं होतं आणि पगार न मिळणारं काम प्रश्नातून गळालं होतं. शिवाय त्या दोन संध्याकाळी नर्सचीच घरी जायची गाडी चुकत होती, हे तिने आम्हाला नाही, आमच्या ड्रायव्हरला सांगितलं. कागदावर लिहिलं होतं, ‘कोणाचा तरी भार दुसऱ्यावर जातोय असं दिसलं तर थांबू.’ थांबलो. मला ते आवडलं नाही, अजूनही नाही.

लगेच मोजून खूश होऊ नका, याचं एक ठळक उदाहरण ओडिशातलं आहे. कमी धुराच्या सुधारित चुली वाटल्यावर घराघरांचा अभ्यास चार वर्षं चालला. पहिल्या वर्षी धूर कमी झाल्याचं दिसलं, पुढे तो फायदा विरून गेला, कारण चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या आणि त्यांची डागडुजीही होत नव्हती. पहिल्याच वर्षी अहवाल लिहून टाकला असता तर तो यशोगाथा ठरला असता. तेव्हा प्रयोगानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत जाण्याचा खर्च सुरुवातीच्याच बजेटमध्ये धरा. देणगीदार कुरकुर करतील. करू द्या.

पायरी ७: तुम्ही निघून गेल्यावर

कुठलाही उपाय नक्की करण्याआधी तो चालवणाऱ्या व्यक्तीला विचारा: ‘तुम्ही रजेवर गेलात की हे कोण करणार?’ उत्तराऐवजी शांतता मिळाली तर उपाय अजून तयार नाही. पैसा कुठून, नोंद कुठे, तक्रार कोणाकडे, हे तिच्याच शब्दांत एका पानावर उतरवा. तुमचं सुंदर सादरीकरण तिच्या कामाचं नाही.

आम्ही संध्याकाळची खिडकी बंद करून नोंदींकडे परत गेलो, तेव्हा दुसऱ्या टोकाचे लोक आठवले: ज्यांच्यासाठी कोणीतरी रांगेत उभं राहत होतं. मग नमुना बदलला. रुग्णाने स्वतः तीन महिन्यांतून एकदाच यायचं; मधल्या दोन महिन्यांच्या गोळ्या घरचं किंवा शेजारचं कोणीही, दवाखान्याच्या नेहमीच्या वेळेत, कार्ड दाखवून नेईल. डॉक्टरांनी दोन अटी घातल्या, त्या मान्य केल्या: ज्यांचा दाब आटोक्यात आहे त्यांनाच ही मुभा, आणि चक्कर, छातीत दुखणं असं काही झालं तर स्वतः यायचं.

वर्षभराने गेले तेव्हा आमचं छापील कार्ड कुठेच दिसलं नाही. नर्सने जुन्याच रजिस्टरमध्ये पट्टीने एक रेघ मारून नवा रकाना पाडला होता. वर लिहिलं होतं, ‘कोण आलं’. खाली सुना, नातू, शेजारणी. एका ओळीत नुसतंच ‘रिक्षावाला’. त्याला गोळ्या कशा दिल्या, असं मी विचारलं. ‘तो रोज त्यांच्याच दारावरून जातो,’ ती म्हणाली, आणि पुढचं नाव पुकारलं.